उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळाचे नाव : अंत्यपदाची निवड

यवतमाळ जिल्ह्यात कापूस हे प्रमुख नगदी पीक होय. प्रेसिंगच्या कारखान्यात दाबून बांधलेल्या गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक असतो. गाठ मुंबईस जावो अथवा कोइमतूरला, त्या खुणेवरून ती कोठे बांधली हे शोधून काढता येते. खूण पुसली गेली तर आतील कापूस तोच राहतो; परंतु त्याचा धनी कोण, हे कोणासही सांगता येत नाही. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आता हळद, तूरडाळ, सरकीचे तेल असा माल स्वतःच्या नावाने विकू लागल्या आहेत. त्यांच्या बाबतीत ही खूण पोत्यावर जशी असते, तशीच ती संकेतस्थळाच्या नावातही असते.

सन २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आल्यास त्यांना अशी कंपनी स्थापन करता येते. सन २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली व त्यानंतर ठिकठिकाणी नव्या कंपन्या निघाल्या. कंपनीची नोंदणी झाली, बँकेत खाते उघडले, की लवकरच संकेतस्थळ काढण्याची गोष्ट निघते. गावातील एखादा शिकलेला तरुण विचारतो, "नावापुढे कॉम घ्यायचे, की इन?" बहुधा संचालक उत्तर देतात, "जे स्वस्त असेल ते घे." हे उत्तर घाईचे आहे. त्याने पुढे कोणते नुकसान होऊ शकते व निवड विचारपूर्वक कशी करावी, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

नावाची रचना

संकेतस्थळाच्या नावास डोमेन असे म्हणतात. त्याचे बिंदूंनी विभागलेले भाग असतात. अगदी शेवटच्या बिंदूनंतर जे पद येते, त्यास व्यवहारात एक्स्टेन्शन हा शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्यास अंत्यपद म्हटले आहे.

पत्रावरील पत्ता ज्यांना लिहिता येतो, त्यांना ही रचना समजण्यास अडचण पडू नये. 'मु. पो. कळंब' एवढेच लिहून पेटीत टाकलेले पत्र कोठे जाईल? कळंब हे तालुक्याचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, तसे धाराशिव जिल्ह्यातही आहे. म्हणून टपालखाते पत्ता शेवटून वाचते. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, आणि सरतेशेवटी गाव. संगणकही डोमेनचे नाव उजवीकडून वाचतो. प्रथम अंत्यपद पाहून त्या अंत्यपदाची नोंदवही कोणाकडे आहे ते तो ठरवितो आणि नंतर त्या वहीत पुढील नाव शोधतो. एकच नाव 'इन'च्या वहीत एका माणसाचे व 'कॉम'च्या वहीत दुसऱ्याच माणसाचे असू शकते. जिल्हा वेगळा म्हणून गाव वेगळे, तसाच हा प्रकार आहे.

ही व्यवस्था सन १९८३ पासून घडत गेली. सन १९८५ मध्ये कॉम, ऑर्ग, नेट इत्यादी पहिली सर्वसाधारण अंत्यपदे प्रचारात आली. त्याखेरीज प्रत्येक देशास दोन अक्षरांचे एक अंत्यपद मिळाले. भारताचे 'इन' हे अंत्यपद १९८९ पासून आहे. जगभरच्या अंत्यपदांचा मेळ राखण्याचे काम १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते.

अंत्यपदांचे प्रकार

१. कॉम. हे मूळचे व्यापारी संस्थांसाठी होते. आता ते कोणासही घेता येते. लोकांच्या जिभेवर हेच सर्वांत अधिक बसलेले आहे. दुसरे काही ऐकू आले नाही, तर माणूस नावापुढे आपोआप कॉम लावतो. ही सवय त्याचे बळ आहे. मात्र चाळीस वर्षांच्या नोंदणीमुळे सोपी व लहान नावे त्यात फार थोडी उरली आहेत.

२. इन. सन २००५ पूर्वी या अंत्यपदाचे नियम कडक होते व नोंदणी अल्प होती. सन २००५ मध्ये ते सर्वांस खुले झाले. त्याची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आहे. नावावरून तंटा उपस्थित झाल्यास तो लवादापुढे नेण्याची स्वतंत्र पद्धत 'इन'साठी २००५ पासूनच लागू आहे. 'को डॉट इन' ही त्याचीच एक पोटशाखा असून व्यापारी मंडळी ती वापरतात.

३. भारत. दिनांक २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी लिपीतील हे अंत्यपद सुरू झाले. आरंभीच्या आठ भाषांत मराठीचा समावेश होता. संपूर्ण नाव मराठीत लिहिता येते, हा त्याचा मोठा गुण होय. अडचण अशी की, संगणक आतून हे नाव रोमन अक्षरांत बदलून घेतो. त्या रूपाचा आरंभ एक्स, एन व दोन आडव्या रेघा असा होतो आणि काही ठिकाणी तेच विचित्र रूप पडद्यावर दिसते. शिवाय अनेक अर्ज व यंत्रणा देवनागरी ई-मेल पत्ता अद्याप स्वीकारीत नाहीत.

४. राखीव अंत्यपदे. 'जीओव्ही डॉट इन' हे केवळ शासनासाठी आहे. यवतमाळ जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ त्यावर आहे. 'एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांसाठी आहे; अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ते वापरते. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन'वर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. 'कूप' हे सहकारी संस्थांचे अंत्यपद असून पात्रता पाहिल्यावाचून ते दिले जात नाही. उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनी आहे. म्हणून 'कूप'चा विचार असल्यास आधी पात्रतेची खात्री करावी.

५. नवी अंत्यपदे. २०१२ मध्ये आयकॅनने अर्ज मागविले आणि त्यानंतर शेकडो नवी अंत्यपदे निघाली. 'फार्म', 'शॉप', 'स्टोअर' ही त्यांपैकीच. त्यांत सुटसुटीत नाव सहज मिळते. परंतु खेड्यातील ग्राहकास व मोंढ्यातील अडत्यास ती ओळखीची नसल्यामुळे तो शेवटी पुन्हा कॉम लावतो.

६. परदेशांची अंत्यपदे. 'आयओ', 'एआय', 'सीओ' ही नावे नवउद्योगांत प्रतिष्ठेची मानली जातात. वस्तुतः ती अनुक्रमे हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेश, अँग्विला बेट व कोलंबिया यांची अंत्यपदे आहेत. देशाचे भवितव्य बदलले की अंत्यपदाचेही बदलू शकते. युगोस्लाव्हिया हा देश उरला नाही आणि त्याचे 'वाययू' हे अंत्यपद २०१० मध्ये बंद झाले. त्यावरील साऱ्यांना घर बदलावे लागले. 'आयओ' ज्या बेटांचे आहे, त्यांचे स्वामित्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या आहेत.

फुकट मिळणाऱ्या नावाचाही विचार येथेच करावा. टोकेलाऊ बेटांचे 'टीके' हे अंत्यपद अनेक वर्षे फुकट वाटले जात होते. फसवणूक करणाऱ्यांनी त्याचा अतोनात वापर केला. २०२३ मध्ये ही फुकट नोंदणी बंद पडली. ज्या बांधावर कोणाचीही गुरे चरतात, त्या बांधावर आपले पीक घेऊ नये.

नुकसान कसे होते

आता उमरखेड-महागाव भागातील हळद उत्पादकांची एक कंपनी कल्पावी. सभासद तीनशे. कंपनी हळदीची पूड पाकिटांत भरून नागपूर व मुंबईस पाठविते. पाकिटावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल छापणे नियमाने आवश्यक आहे. कंपनीच्या पत्रावर व बिलावर ई-मेल आणि संकेतस्थळ असल्यास त्याचा पत्ता छापावा, असे कंपनी कायद्याचे कलम १२ सांगते. म्हणजे डोमेनचे नाव केवळ संगणकात राहत नाही; ते पाकिटांवर, बिलांवर, पोत्यांवर व फलकांवर जाते.

समजा, या कंपनीने स्वस्त म्हणून एक अनोळखी अंत्यपद घेतले. त्याच नावाचे 'कॉम' दुसऱ्या राज्यातील एका मसाला व्यापाऱ्याकडे आधीपासून आहे. मुंबईच्या एका खरेदीदारास हळद आवडली. त्याने नाव ऐकले व सवयीने पुढे कॉम लावून मागणी पाठविली. ती त्या व्यापाऱ्याकडे गेली. आपल्या कंपनीस मागणी आल्याचे कळलेही नाही. चोरी झाली असती तर निदान पोते कमी भरले असते. येथे काहीच कमी झालेले दिसत नाही. हंगाम संपल्यावर माल शिल्लक राहतो आणि संचालक एकमेकांस विचारतात की, यंदा उठाव का झाला नाही?

यावरून पहिला नियम निघतो. आपल्याला हवे असलेले नाव 'कॉम'वर दुसऱ्या कोणाकडे असून तो तोच किंवा तसाच माल विकत असेल, तर केवळ अंत्यपद बदलून ते नाव घेऊ नये, नावच बदलावे. यास कायद्याचाही आधार आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असा निर्णय दिला की, डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे व्यवसायाची ओळख आहे, आणि लोकांचा घोटाळा होईल असे सारखे नाव दुसऱ्याने वापरणे रोखता येते. हाच निर्णय आपले संरक्षण करतो. आपण दुसऱ्याचे नाव उचलले, तर तोच आपल्यावर उलटतो.

नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न

अंत्यपद उत्तम निवडले, पण नाव रोमन अक्षरांत कसे लिहावयाचे हे ग्राहकास कळले नाही, तर सारा खटाटोप वाया जातो. आपल्या जिल्ह्याच्या नावाचेच उदाहरण घ्यावे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल असे आढळते. आज शासन वाय, ए, व्ही, ए, टी, एम, ए, एल असे लिहिते. 'ळ' या वर्णास रोमन लिपीत अक्षरच नाही. हळद, डाळ, कळंब, राळेगाव या प्रत्येक शब्दात तोच घोटाळा होतो. कोणी एल लिहितो, कोणी त्यापुढे आणखी एक ए जोडतो.

म्हणून नाव ठरविण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. बाजाराच्या दिवशी दहा निरनिराळ्या माणसांना नाव अंत्यपदासह एकदाच दूरध्वनीवरून सांगावे व त्यांना ते आपापल्या मोबाइलवर लिहावयास लावावे. त्यांत दोन-चार विद्यार्थी, दोन अडते, एखादी बचतगटाची भगिनी व एखादा वृद्ध सभासद असावा. आठांहून कमी जणांनी बरोबर लिहिले, तर ते नाव सोडून द्यावे. उद्या हेच नाव आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावरून सांगितले गेले, तर ऐकणाऱ्यास कागदावरचे स्पेलिंग दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

रोमन नावात अक्षरे, अंक व मधली आडवी रेघ एवढेच चालते. मोकळी जागा चालत नाही. एका भागात ६३ पर्यंत चिन्हे बसतात. तरी बारा-पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ नये. आडवी रेघही शक्यतो टाळावी, कारण ती बोलून दाखविता येत नाही.

मग कोणते घ्यावे?

माल मुख्यतः महाराष्ट्रात व देशात विकावयाचा असेल, तर 'इन' हे मुख्य अंत्यपद असावे. ते भारताचे म्हणून ओळखले जाते, नाव मिळण्याची शक्यता अधिक असते आणि तंट्याची तड येथेच लागते. परदेशी खरेदीदाराशी थेट व्यवहार करावयाचा असेल, तर 'कॉम' मुख्य असावे. दोन्ही परिस्थितींत दुसरे अंत्यपदही त्याच दिवशी घेऊन ठेवावे व ते मुख्य संकेतस्थळाकडे वळवावे. म्हणजे ग्राहकाने काहीही लिहिले, तरी तो आपल्याच दारी येतो. ही सोय झाल्यावर पैसा शिल्लक असेल, तर 'भारत' घ्यावे व त्याचा मराठी पत्ता फलकावर रंगवावा. ई-मेलसाठी मात्र रोमन पत्ताच ठेवावा.

'ऑर्ग' हे अंत्यपद लोक सेवाभावी संस्थांशी जोडतात. उत्पादक कंपनी नफा कमावून सभासदांस लाभ देते. तिने ते घेण्यास बंदी नाही. परंतु ग्राहकाचा गैरसमज होतो.

खर्चाचा हिशेबही पाहावा. आकार विक्रेत्यागणिक बदलतो. हिशेबापुरते एका नावास वर्षाला हजार रुपये धरले, तर दोन नावांचे दोन हजार रुपये होतात. तीनशे सभासदांवर वाटल्यास प्रत्येकी सात रुपयांहून कमी पडतात. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. पहिल्या वर्षी नाव अत्यल्प दरात देऊन पुढील वर्षापासून भारी आकार घेण्याची रीत अनेक विक्रेत्यांत आहे. म्हणून पहिल्या वर्षाचा दर न विचारता नूतनीकरणाचा दर विचारावा. कॉम वा इन हे नाव एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदविता येते. निदान तीन वर्षांची रक्कम एकदम भरावी.

नाव कोणाच्या नावे?

अंत्यपदाइतकीच ही बाब महत्त्वाची असून हिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. संकेतस्थळ तयार करणारा तरुण पुष्कळदा स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी करतो. त्याचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु तो नोकरीसाठी पुण्यास गेला, किंवा संचालकांशी त्याचे बिनसले, की किल्ली त्याच्याजवळ राहते. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून कोणी शेत कसत नाही. डोमेनच्या बाबतीतही तसे करू नये. नोंदणी कंपनीच्या पूर्ण नावाने, कंपनीच्या पत्त्यावर व कंपनीच्या ई-मेलवर असावी. त्या ई-मेलचा पत्ता याच डोमेनवरचा नसावा. कारण डोमेन बंद पडले, तर सूचनेचे पत्रही पोचणार नाही. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कंपनीच्या तिजोरीत ठेवावा व दोन पदाधिकाऱ्यांस त्याची माहिती असावी. नोंदणीतील माहिती खरी द्यावी. ती खोटी आढळल्यास नाव स्थगित होऊ शकते.

मुदतीचेही तसेच आहे. डोमेन विकत मिळत नाही. ते मक्त्याने मिळते. मुदत संपून 'कॉम'चे नाव रद्द झाले, की ते सोडवून घेण्यास ३० दिवसांचा अवधी असतो व त्यासाठी जादा आकार पडतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते कोणासही खुले होते. अशा नावांवर टपून बसलेले लोक आहेत. नाव त्यांच्या हाती गेल्यावर त्यावर जुगाराची जाहिरात झळकली, तरी दुकानांतील पाकिटांवर पत्ता आपलाच छापलेला राहतो. म्हणून नूतनीकरणाची तारीख संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहावी आणि पीककर्जाच्या परतफेडीची तारीख जशी पाठ असते, तशी ती पाठ ठेवावी.

खरे-खोटे ओळखण्यासाठी

अंत्यपदाचे ज्ञान कंपनी न काढणाऱ्या शेतकऱ्यासही उपयोगी आहे. पंतप्रधान किसान योजनेचे खरे संकेतस्थळ 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' हे आहे. भामटा मनुष्य बिंदूंच्या जागी आडव्या रेघा घालून 'पीएमकिसान-जीओव्ही-इन' असे नाव करतो व शेवटी 'डॉट कॉम' लावतो. डावीकडून वाचणारा फसतो. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचे नाव घ्यावे व ते उजवीकडून वाचावे. शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' नसेल, तर ते केंद्र वा राज्य शासनाचे आहे या भरवशावर आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील देऊ नये.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. आधी नाव निवडावे, मग अंत्यपद. तेच नाव 'कॉम'वर तशाच मालाच्या व्यापाऱ्याकडे असेल, तर नाव बदलावे.
२. दहा माणसांची परीक्षा घेतल्यावाचून नाव नक्की करू नये.
३. देशातील विक्रीसाठी 'इन' मुख्य व 'कॉम' जोडीला; परदेशी विक्रीसाठी 'कॉम' मुख्य व 'इन' जोडीला.
४. फुकटचे अंत्यपद घेऊ नये. परदेशाचे अंत्यपद केवळ हौसेखातर घेऊ नये.
५. दर विचारताना नूतनीकरणाचा दर विचारावा.
६. नोंदणी कंपनीच्याच नावे करावी.
७. पाकिटे व बिले छापावयास देण्यापूर्वी वरील सर्व गोष्टी पुऱ्या कराव्यात.

यांतील शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. नाव कागदावर असेपर्यंत ते बदलण्यास एक दिवस पुरतो. तेच नाव पाच हजार पाकिटांवर छापले गेले, म्हणजे एक हंगामही पुरत नाही. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासण्यास आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो व आठवडाभर वाट पाहतो. कंपनीच्या नावासाठीही तेवढा आठवडा अवश्य द्यावा.